दहा महिने थांबण्याचे शहाणपण



सोनोग्राफीचा अहवाल हाती घेऊन 'गर्भपिशवीत गाठ निघाली आहे, ऑपरेशन टाळता येईल का?' असे विचारणाऱ्या स्त्रीरुग्णांची संख्या आपल्या चिकित्सालयांत गेल्या दोन-तीन दशकांत पुष्कळ वाढली आहे. त्यांना द्यावयाच्या ग्रंथिहर औषधांविषयी या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्याने काही सांगावे असे नाही. परंतु तीच रुग्णा गर्भवती झाली म्हणजे आपण काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याविषयी आपल्या व्यवसायात जेवढी स्पष्टता हवी तेवढी ती नाही, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. ते मत मांडण्यापूर्वी स्वतःची एक चूक सांगणे मला क्रमप्राप्त वाटते.

सुमारे एक तपापूर्वी बत्तीस वर्षांची एक विवाहिता माझ्याकडे आली. विवाहास सहा वर्षे झाली होती, अपत्य नव्हते, पाळी अनियमित होती आणि गर्भाशयाच्या भित्तीत सहा सेंटिमीटरची गाठ होती. मी प्रथेप्रमाणे कांचनार गुग्गुळ, वृद्धिवाधिका वटी आणि कुमार्यासव अशी योजना केली, दीड महिन्याचे औषध लिहून दिले आणि पुन्हा दाखवावयास सांगितले. ती आली नाही. पाच महिन्यांनी आली तेव्हा तिच्या हातात नऊ आठवड्यांच्या गर्भाचा सोनोग्राफी अहवाल होता आणि पिशवीत माझीच जुनी चिठ्ठी होती. त्या एका चिठ्ठीवर तिने दुकानातून तीच औषधे पुनःपुन्हा नेली होती. शेवटची खेप नेली तेव्हा गर्भ सहा आठवड्यांचा होता. पाळी मुळातच अनियमित असल्याने ती चुकल्याचे तिच्या लक्षात आले नाही. दुकानदाराने विचारले नाही, कारण चिठ्ठी होती. आणि मी तर पहिल्याच भेटीत 'या औषधांच्या काळात गर्भ राहता कामा नये, पाळी लांबली तर आधी तपासणी करा' हे एक वाक्य उच्चारले नव्हते.

औषधे त्याच दिवशी थांबविली. सतराव्या आठवड्यात तिच्या उजव्या कुशीत तीव्र वेदना सुरू झाल्या, अंगात कणकण होती. घरातील वडीलधाऱ्यांनी एरंडाची पाने गरम करून पोट शेकण्याची आणि सुईणीकडून चोळून घेण्याची तयारी केली होती. सुदैवाने यजमानांनी आधी मला दूरध्वनी केला आणि मी त्यांना तसेच रुग्णालयात पाठविले. तेथे आंत्रपुच्छाचा दाह नाही आणि वार सुटलेली नाही याची खात्री करून घेण्यात आली, आणि गाठीचाच अपकर्ष झाल्याचे निदान झाले. विश्रांती, शिरेवाटे द्रव आणि पॅरासिटामॉल एवढ्यावर चार दिवसांत वेदना शमली. पुढे गर्भ पायाळू राहिला, अडतिसाव्या आठवड्यात शस्त्रक्रियेने प्रसूती झाली, रक्तस्राव बराच झाला आणि दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. माता व बालक सुखरूप आहेत. मात्र याचे श्रेय माझ्या सावधपणास नाही, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. त्या औषधांनी अपाय झाला असे मी म्हणत नाही. ते सिद्ध करता येणार नाही, आणि झाला नाही हेही सिद्ध करता येणार नाही. एवढा महत्त्वाचा प्रश्न दैवावर सोडला गेला, हीच माझी खंत आहे.

प्राचीन आचार्य का थांबले?

या विषयात आपल्या संहितांनी घालून दिलेला धडा विलक्षण आहे. रक्तगुल्माची चिकित्सा दहावा महिना उलटल्यानंतरच करावी, असा स्पष्ट आदेश चरकसंहितेच्या गुल्मचिकित्सिताध्यायात आहे. रक्तगुल्म जुना झाला म्हणजे तो सुखसाध्य होतो, हे त्यामागील एक कारण परंपरेत सांगितले जाते. परंतु दुसरे कारण तितकेच उघड आहे. आर्तव बंद, स्तनांत बदल, डोहाळ्यांसारखी लक्षणे आणि वाढणारे उदर अशी सर्व चिन्हे रक्तगुल्मातही दिसू शकतात. गर्भाचे स्पंदन हात-पाय हलावेत तसे होते, गुल्माचे मात्र सबंध पिंड हलावा तसे होते, हा बारकावाही निदानस्थानात नोंदविला आहे. तरीही केवळ या स्पर्शपरीक्षेवर विसंबून चिकित्सा आरंभण्याचे धाडस आचार्यांनी केले नाही. प्रसूतीचा काळ पूर्ण उलटून जाऊ द्यावा, उदरात गर्भ नाही हे काळानेच सिद्ध करावे आणि मगच स्नेहन, स्वेदन, विरेचन, पलाशक्षार अशा भेदन उपायांकडे वळावे, हा त्यांचा क्रम होता.

आजचा फायब्रॉइड म्हणजेच संहितेतील रक्तगुल्म, असे समीकरण मी मांडत नाही. कोणी त्याची गणना ग्रंथीत करतात, कोणी मांसार्बुदात, आणि या चर्चेस अंत नाही. माझा मुद्दा नामकरणाचा नसून वृत्तीचा आहे. ज्यांच्याकडे सोनोग्राफी नव्हती, मूत्रपरीक्षेची पट्टी नव्हती, ते संशयाचा फायदा गर्भास देऊन दहा महिने थांबत. आपल्याकडे काही रुपयांत आणि काही मिनिटांत उत्तर देणारी परीक्षा उपलब्ध असताना आपण ते दहा मिनिटेही थांबत नाही. मग आपण स्वतःस संहितेचे अनुयायी कोणत्या तोंडाने म्हणवावे?

गाठ आणि गर्भ एकत्र असता नेमके काय घडते

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूतून उद्भवणारी, बहुतांश निरुपद्रवी अशी गाठ होय. ती इतकी सामान्य आहे की पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात लहानमोठ्या गाठी आढळतात. गर्भारपणात गाठ झपाट्याने वाढते, ही समजूत रुग्णांत आणि आपल्यातही रूढ आहे. प्रत्यक्षात सोनोग्राफीने पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत निम्म्याहून अधिक गाठींच्या आकारात गर्भारपणात लक्षणीय बदल आढळलेला नाही. ज्या वाढतात त्या मुख्यत्वे पहिल्या तीन महिन्यांत वाढतात, आणि प्रसूतीनंतर अनेक गाठी आपोआप आकुंचन पावतात. बहुसंख्य स्त्रियांचे गर्भारपण गाठीसह निर्विघ्न पार पडते. ही गोष्ट रुग्णेस आणि तिच्या सासू-सासऱ्यांस पहिल्याच भेटीत शांतपणे सांगणे हीसुद्धा चिकित्साच आहे, कारण भयभीत कुटुंब दहा दारे ठोठावते आणि दहा ठिकाणची औषधे पोटात जातात.

धोका नाही असे मात्र नव्हे. तो गाठीच्या आकारावर आणि त्याहून अधिक तिच्या स्थानावर अवलंबून असतो. गर्भाशयाच्या अंतःस्तराखालील, पोकळीत डोकावणारी गाठ गर्भपाताशी निगडित मानली जाते. गाठीच्या अगदी वर वार रुजली असेल तर ती वेळेपूर्वी सुटण्याचा धोका वाढतो. गर्भाशयाच्या खालच्या भागातील वा मुखाजवळील मोठी गाठ प्रसूतिमार्ग अडवू शकते. गर्भ आडवा वा पायाळू राहणे, अकाली कळा येणे, शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागणे आणि प्रसूतीनंतर गर्भाशय नीट न आवळल्याने अतिरक्तस्राव होणे, हे उपद्रवही अशा स्त्रियांत अधिक प्रमाणात आढळतात.

सर्वांत अधिक वेळा आपल्या दारी येणारा उपद्रव म्हणजे वेदना. गाठीचा रक्तपुरवठा तिच्या आकारास अपुरा पडला म्हणजे तिच्या अंतर्भागाचा नाश होऊ लागतो. यास आधुनिक शास्त्रात रक्तवर्ण अपकर्ष म्हणतात. साधारणतः ५ सेंटिमीटरहून मोठ्या गाठीत, पहिल्या त्रैमासिकाच्या अखेरीपासून दुसऱ्या त्रैमासिकापर्यंत तो विशेषत्वाने दिसतो. एका जागी बोट ठेवून दाखविता येईल अशी तीव्र वेदना, स्पर्शासहत्व, किंचित ज्वर, मळमळ ही त्याची लक्षणे होत. विश्रांती, पुरेसे द्रव आणि पॅरासिटामॉल यांनी तो बहुधा काही दिवसांत शमतो. आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅकच्या वर्गातील वेदनाशामके मात्र दुकानातून परस्पर घेण्याची नाहीत. ती गर्भाच्या वृक्कांवर परिणाम करून गर्भोदक कमी करू शकतात, म्हणून २० आठवड्यांनंतर ती टाळावीत असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये दिला आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयाची. गर्भिणीच्या पोटदुखीस 'गाठीचे दुखणे' हे नाव देणे सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचे आहे. आंत्रपुच्छदाह, बीजकोशास पडलेला पीळ, मूत्रमार्गाचा संसर्ग, गर्भाशयाबाहेरील गर्भ, सुटलेली वार, आणि पूर्वी गाठ काढण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर त्या व्रणावर गर्भाशय फाटणे, या सर्वांचा आरंभ पोटदुखीनेच होतो. गाठ असल्याचे आधीच ठाऊक असले म्हणजे आपली बुद्धी तेथेच थांबते. म्हणून अशी रुग्णा आली असता निदान आपल्या चिकित्सालयात पूर्ण करण्याचा हट्ट न धरता तिला सोनोग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी तत्काळ पाठवावे, हेच शास्त्रसंमत होय.

आपली औषधे का थांबवावीत

गर्भिणीची तुलना चरकाचार्यांनी तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राशी केली आहे. असे पात्र हिसका न देता उचलावे लागते. तिच्या व्याधींवर मृदू, मधुर, शीत, सुखकर उपचार करावेत आणि वमन, विरेचन, शिरोविरेचन, रक्तमोक्षण टाळावे, हे त्याच अध्यायात सांगितले आहे. ग्रंथी वा गुल्म यांसाठी आपण जे काही योजतो ते याच्या नेमके उलट असते. लेखन, भेदन, क्षरण, आर्तवप्रवर्तन हे गुण आपण हेतुपुरस्सर शोधतो. गाठीवर जे तीक्ष्ण आहे ते शेजारच्या गर्भावर मृदू कसे राहील?

उदाहरणे घेऊ. रजःप्रवर्तनी वटीत कुमारीसार, कासीस, हिंग आणि टंकण ही द्रव्ये आहेत. तिच्या नावातच तिचे कर्म आहे. वृद्धिवाधिका वटीत पारद, ताम्र, हरताल, तुत्थ यांचा समावेश आहे. कुमार्यासवातील कोरफड तर घरोघरी पाळी उतरविणारी म्हणूनच परिचित आहे. शार्ङ्गधरोक्त कांचनार गुग्गुळ तुलनेने सौम्य समजला जातो, परंतु त्यातही गुग्गुळ आणि त्रिकटू आहेतच, आणि गर्भिणीत तो निर्धोक असल्याचे दाखविणारा भरवशाचा पुरावा आपल्यापाशी नाही. लांगलीविषयी अधिक लिहावयास नको. मराठी माणसाने तिला 'कळलावी' हे नाव उगाच दिलेले नाही.

यावर तीन आक्षेप मी वारंवार ऐकले आहेत. पहिला असा की मात्रा अल्प असते, काही होत नाही. 'काही होत नाही' हे विधान मोजणीवर आधारलेले नाही. ज्या स्त्रीचा गर्भ दुसऱ्या महिन्यात पडतो ती पुन्हा आपल्याकडे येऊन सांगत नाही, आणि आली तरी आपण त्याचे खापर गाठीवर फोडतो. दुसरा आक्षेप असा की औषध बंद केल्यास गाठ वाढेल. वर सांगितल्याप्रमाणे बहुतेक गाठी वाढत नाहीत. आणि आपली औषधे गर्भारपणात गाठ लहान करतात असे दाखविणारे विश्वसनीय प्रमाण नसताना, अनिश्चित लाभासाठी गर्भास पणास लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? खुद्द आधुनिक शल्यतज्ज्ञही गर्भारपणात ही गाठ काढण्याचे अपवादात्मक प्रसंग वगळता टाळतात आणि गाठ लहान करणारी त्यांची औषधेही या काळात वर्ज्य मानतात. तिसरा आक्षेप व्यवसायाचा आहे. आपण नाही म्हटले तर रुग्णा दुसऱ्याकडे जाईल. जाईलही. परंतु नऊ महिन्यांनी ती कोणाविषयी आदराने बोलेल, याचा विचार करावा.

म्हणून माझे निःसंदिग्ध मत असे की गर्भधारणा निश्चित होताच, किंवा तिचा संशय येताच, गाठीवरील प्रत्येक औषध थांबवावे. गर्भिणीत आपले लक्ष्य गाठ नसून गर्भ आणि गर्भिणी हेच आहे. गाठीचा विचार सूतिकाकाळ उलटल्यावर, नव्याने सोनोग्राफी करून, खुशाल करावा. आचार्यांचे दहा महिने येथे पुन्हा लागू पडतात.

मग वैद्याने करावे तरी काय?

हात जोडून बसावे असा याचा अर्थ नाही. गर्भिणी परिचर्या हा आपल्या शास्त्राचा गौरवाचा भाग आहे आणि अशा रुग्णेस त्याची गरज अधिक आहे.

दूध, तूप, मऊ भात, मुगाचे वरण, ऋतूप्रमाणे फळे असा लघू आणि पोषक आहार ठरवून द्यावा. मलावष्टंभ होऊ देऊ नये. त्यासाठी मनुका, कोमट दूध-तूप, पुरेसे पाणी एवढ्यावर भागवावे. एरंडेल, सोनामुखी वा अन्य तीक्ष्ण रेचने देऊ नयेत. निद्रा, मनःस्वास्थ्य आणि कुटुंबाचा आधार यांकडे आवर्जून लक्ष द्यावे.

पांडुत्वाचा शोध लवकर घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ या फेरीत देशातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. जिला प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होण्याचा संभव अधिक, तिचे रक्त आधीच कमी असणे म्हणजे दुहेरी संकट होय. शासनातर्फे मिळणाऱ्या लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या 'उष्ण पडतात' म्हणून बंद करण्याचा सल्ला आपल्यापैकी कोणी देत असल्यास तो तत्काळ थांबवावा.

पोटावर गाठीच्या जागी चोळणे, शेकणे, दाब देणे सर्वथा वर्ज्य करावे. वेदना असता तर नक्कीच. हे रुग्णेपेक्षा तिच्या घरातील वडील स्त्रियांस सांगणे अधिक उपयोगी पडते.

आठव्या-नवव्या महिन्यातील बस्ती आणि योनिपिचू यांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे अगत्याचे वाटते. संहितेत ते सांगितले आहेत आणि अलीकडे त्यांचा प्रसारही वाढला आहे. परंतु गाठ गर्भाशयाच्या खालच्या भागात असेल, वार खाली असेल, रक्तस्राव होऊन गेला असेल वा अकाली कळांची शक्यता असेल तर हे उपक्रम करू नयेत. खाली असलेल्या वारेपाशी पिचू ठेवण्याचा परिणाम प्राणघातक रक्तस्रावात होऊ शकतो. वारेचे स्थान आणि गाठीचे स्थान अहवालात स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याखेरीज, आणि प्रसूतितज्ज्ञांची संमती असल्याखेरीज, कोणीही या कर्मास हात घालू नये.

प्रसूतीचे ठिकाण आरंभीच ठरवावे. रक्तपेढीची आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच अशा स्त्रीची प्रसूती व्हावी. खर्चाची अडचण असेल तर २०१६ पासून प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस शासकीय रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते, आणि २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, रक्त व वाहनव्यवस्था विनामूल्य आहे, हे तिला सांगावे. पूर्वी गाठ काढण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर त्याची कागदपत्रे प्रसूतितज्ज्ञांस दाखविण्यास बजावावे. आपण दिलेल्या औषधांची यादीही आपल्या सहीनिशी तिच्यासोबत द्यावी. 'आयुर्वेदिक औषध घेतले हे तिकडे सांगू नका' असा सल्ला देणारा वैद्य रुग्णेचा नव्हे, स्वतःचा बचाव करीत असतो.

आणि योनिगत रक्तस्राव, न थांबणारी वा वाढती पोटदुखी, पोट दगडासारखे कठीण होणे, पाणी जाणे, ज्वर, गर्भाची हालचाल मंदावणे, भोवळ येणे यांपैकी एकही लक्षण दिसताच आपल्याकडे न येता थेट रुग्णालयात जावे, हे तिला लिहून द्यावे. १०८ वा १०२ क्रमांकावर वाहन मिळते, हेही त्याच कागदावर लिहावे.

औषधविक्रेत्या बंधूंस

या त्रैमासिकाचे अनेक वाचक आयुर्वेदिक औषधालये चालवितात. त्यांस माझी विशेष विनंती आहे. आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, विक्रीस तो लागत नाही. कायद्याने जे बंधन घातले नाही ते विवेकाने घालून घेणे म्हणूनच अधिक आवश्यक ठरते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ई-१ अनुसूचीत पारद, हरताल, तुत्थ, मनःशिला, लांगली, वत्सनाभ इत्यादी द्रव्ये विषारी म्हणून गणलेली आहेत, आणि ती असलेली पोटात घ्यावयाची औषधे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत असा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. तो इशारा केवळ छपाईपुरता राहू नये.

तीन गोष्टी प्रत्येक दुकानात सहज करता येतील. जुन्या चिठ्ठीवर ग्रंथिहर, आर्तवप्रवर्तक आणि रसौषधी पुन्हा देऊ नयेत, वैद्याची नवी तारीख मागावी. अशी औषधे नेणाऱ्या तरुण स्त्रीस, अथवा तिच्यासाठी नेणाऱ्या व्यक्तीस, 'दिवस गेलेले नाहीत ना? पाळी वेळेवर आहे ना?' असे संकोच न करता, पण चारचौघांत ओशाळवाणे होणार नाही अशा रीतीने विचारावे. आणि 'ऑपरेशनशिवाय गाठ विरघळते' असे फलक दुकानात लावू नयेत. गर्भाशयाचे विकार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने निषिद्ध आहे, आणि असा फलक वाचून वैद्याकडे न जाताच औषध नेणाऱ्यांत उद्या एखादी गर्भवती असेल.

वैद्यांनीही आपल्या बाजूने चिठ्ठीवर मुदत लिहावी. 'हे औषध ४५ दिवसांपुरते, पुन्हा देऊ नये, गर्भिणीस वर्ज्य' एवढ्या शब्दांचा शिक्का करून घ्यावयास फारसा खर्च येत नाही. प्रजननक्षम वयातील स्त्रीस असे औषध लिहिण्यापूर्वी शेवटच्या पाळीची तारीख केसपेपरवर नोंदवावी. ज्यांचा स्राव अनियमित आहे त्यांच्याबाबतीत तारखेवर विसंबू नये, कारण गर्भ राहिल्यानंतरचा रक्तस्रावसुद्धा पाळी म्हणून सांगितला जातो. तेथे मूत्रपरीक्षाच करावी. आणि एखादा संशयास्पद दुष्परिणाम आढळल्यास तो दडपू नये. आयुष मंत्रालयाने २०१७-१८ मध्ये आयुर्वेदिक औषधांच्या सुरक्षानिरीक्षणाची योजना आरंभिली असून तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. तेथे जाणारी प्रत्येक प्रामाणिक नोंद शास्त्राची बदनामी नसून शास्त्राची सेवा आहे.

सुज्ञ वाचकांस यातील बहुतेक गोष्टी ठाऊक असतील. मलाही त्या ठाऊक होत्या. त्या दिवशी त्या रुग्णेसमोर बसलो असता रक्तगुल्माचे सूत्र मला मुखोद्गत होते, परंतु तिची पाळी केव्हा आली हे विचारण्यास मी विसरलो होतो. सूत्र पाठ असणे आणि सूत्र पाळणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरात एक गर्भ वाढत होता. तेव्हापासून माझ्या मेजावर मूत्रपरीक्षेच्या पट्ट्यांची एक डबी असते आणि शिक्का तिच्याशेजारी असतो. आपणही या दोन वस्तू आपल्या मेजावर ठेवाव्यात, एवढीच नम्र विनंती.

इत्यलम्.